उभा धागा

शेजारचे आजोबा कोणतीही गोष्ट सांगू लागले की आधी आपण कुठे उभे होतो ते सांगतात. गोष्ट फुटबॉलच्या सामन्याची असो, संपाची असो की भर पावसात वाजवलेल्या एखाद्या मार्चची असो, पहिल्या वाक्यात जागा येते आणि मग बाकीचे सगळे. इथल्या यॉर्कशरच्या बोलीत ‘मी उभा होतो’ याला ‘आय वॉर स्टूड’ म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकाला ते मान्य नाही. मला मात्र ते दिवसेंदिवस नेमके वाटू लागले आहे, कारण त्यात माणूस नुसता उभा नसतो, त्याला तिथे कुणीतरी उभे केलेले असते. आजोबा आता ८२ वर्षांचे आहेत आणि गेली दोन वर्षे त्यांचे गुडघे त्यांना उभे राहू देत नाहीत. त्यांच्या गोष्टींमधला ‘उभा होतो’ हा शब्द तेव्हापासून मला जास्त ऐकू येतो.

हडर्सफील्ड हे उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले लोकरीच्या कापडाचे गाव आहे. इथली घरे एकाला एक चिकटून बांधलेली, दगडी, आणि गिरण्यांच्या धुराने काळवंडलेली आहेत. काही घासून पुन्हा मधाच्या रंगाची केलेली, काही तशीच. मी इथे आले त्याला १७ वर्षे झाली. पहिल्याच आठवड्यात मागच्या दगडी कुंपणावरून आजोबांनी रुबार्बच्या दांड्यांची जुडी पुढे केली आणि ‘लव्ह, तू कुठची?’ असे विचारले. इथे बसचा कंडक्टर, दुकानदार, नर्स, सगळे एकमेकांना ‘लव्ह’ म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मुंबईची म्हटले. वडील काय करत, हा त्यांचा पुढचा प्रश्न. लालबागला गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत, असे मी सांगितले, तेव्हा ते कुंपणाला रेलून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, ‘एका माणसाकडे किती माग?’

मला उत्तर माहीत नव्हते. ज्या वडिलांच्या कपड्यांना येणारा तेलाचा आणि कापसाचा वास मला आजही आठवतो, ते रोज किती साच्यांमध्ये उभे राहत, हे मी कधी विचारलेच नव्हते. रात्री मुंबईला फोन लावला. आईने क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘चार.’ दुसऱ्या दिवशी मी आजोबांना चार म्हटले, तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि माझी ओळख पक्की झाली.

आजोबा १९५८ मध्ये, पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत लागले आणि पुढे ट्यूनर झाले. माग बंद पडला, धोटा वेडावाकडा जाऊ लागला, कापडात खोट येऊ लागली की ज्याला हाक मारायची तो ट्यूनर. डोंगरापलीकडे लँकशरमध्ये त्यालाच टॅकलर म्हणत आणि आमच्या गिरणगावात जॉबर. यॉर्कशरचा शब्द मला सर्वांत आवडतो, कारण बँडमध्ये वाद्य सुरात लावणाऱ्यालाही तोच शब्द चालतो, आणि आजोबांनी उभ्या आयुष्यात ही दोनच कामे केली. दिवसा ते माग सुरात लावत. संध्याकाळी गावच्या ब्रास बँडमध्ये ई-फ्लॅट बेस हे पितळेचे अवजड वाद्य मांडीवर घेऊन बसत किंवा गळ्यात अडकवून चालत. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान लवकर गेले. वरच्या पट्टीतले कॉर्नेट आपल्याला चाळिशीनंतर धड ऐकू आलेच नाहीत, पण बेस कानाने ऐकायचा नसतो, तो छातीला कळतो, असे ते म्हणतात.

कापडात दोन धागे असतात. आडवा धागा धोट्याबरोबर इकडून तिकडे धावतो, उभा धागा आधीपासून ताणून बसवलेला असतो. आडवा तुटला तर कांडी बदलून काम पुढे नेता येते. उभा तुटला तर साचा थांबवून, गाठ मारून, तो फणीच्या घरातून पुन्हा ओवून घ्यावा लागतो. हे मला वडिलांनी लहानपणी सांगितले होते आणि आजोबांनी हाताच्या बोटांची फणी करून पुन्हा दाखवले. खेळ, संगीत आणि राजकारण यांबद्दल आजोबा जे बोलतात ते मी इतकी वर्षे ऐकते आहे, आणि मला वाटते की या तीन गोष्टी त्यांच्यासाठी वेगळ्या नाहीतच. ती तीन निमित्ते आहेत. माणसांनी ठरल्या वेळी, ठरल्या जागी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे, हे त्यातले ताणलेले सूत आहे. बाकीचे मत, हार-जीत, निकाल हे आडवे धागे आहेत.

फुटबॉलचेच पाहा. हडर्सफील्ड टाउन या संघाने १९२४, १९२५ आणि १९२६ अशी लागोपाठ तीन वर्षे इंग्लंडची लीग जिंकली. असे करणारा तो पहिला संघ होता आणि पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी हर्बर्ट चॅपमन त्याचे व्यवस्थापक होते. आजोबांचा जन्म त्यानंतरचा, १९४३ चा, त्यामुळे हे वैभव त्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकले. स्वतः पाहिला तो डेनिस लॉ. १९५६-५७ च्या हंगामात १६ वर्षांचा, काडीसारखा, ॲबर्डीनहून आलेला तो पोरगा मैदानात उतरला, तेव्हा १३ वर्षांचे आजोबा लीड्स रोड या मैदानाच्या उघड्या पायऱ्यांवर अगदी पुढे उभे होते, कारण मागे उभी असलेली मोठी माणसे लहान मुलांना डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवत. कुणाच्या हातातून गेलो ते कळत नसे; फक्त इतक्या माणसांचे खरखरीत हात आठवतात, असे ते सांगतात. त्या वर्षांत बिल शँकली इथे व्यवस्थापक होते. २०२५ च्या जानेवारीत लॉ गेले, त्या संध्याकाळी आजोबांनी दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून ती जुनी दृश्ये नुसती पाहिली.

त्याच संघात रे विल्सन डावीकडचा बचाव सांभाळत असे. १९६६ चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात खेळणारा तो इंग्लंडचा सर्वांत वयस्क खेळाडू होता, आणि खेळणे सोडल्यावर त्याने हडर्सफील्डमध्येच अंत्यविधींचा व्यवसाय केला. जगज्जेत्या संघातला माणूस काळा कोट घालून, टोपी काढून, गिरणी कामगारांच्या दारात शवपेटीपाशी उभा राहत असे. आजोबांना हे मुळीच नवलाचे वाटत नाही. ज्या गावाने वर्षानुवर्षे आपल्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्या गावासाठी उभे राहण्याची पाळी आली तर माणूस उभा राहतोच, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

मग १९८९ आले. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात, जाळीने बंदिस्त केलेल्या कट्ट्यांवर चिरडून लिव्हरपूलच्या ९७ माणसांचा जीव गेला. शेफील्ड इथून तासाभराच्या अंतरावर आहे. या विषयावर बोलताना आजोबांचा आवाज बदलतो आणि त्यांचा हात चहाच्या कपावरून उठून टेबलाच्या कडेला जातो. त्यांचे म्हणणे असे की त्या दिवसानंतर देशाने उभ्या माणसांवर ठपका ठेवला. दारू प्यायलेले, दांडगाई करणारे, असे वृत्तपत्रांनी छापले, आणि ते खोटे होते हे न्यायालयीन चौकशीच्या ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडले. प्रेक्षकांचा दोष नव्हता, त्या माणसांचा बेकायदा बळी गेला होता, असा तो निर्णय होता. दरम्यान वरच्या दर्जाच्या सगळ्या मैदानांमध्ये खुर्च्या बसल्या. १९९४ मध्ये लीड्स रोड बंद झाले आणि टाउनचा संघ नव्या, देखण्या मैदानात गेला. आजोबा तिथे जात राहिले. नवे मैदान सुरक्षित आहे, स्वच्छ आहे, बायका-मुलांना तिथे यावेसे वाटते, हे सगळे ते मान्य करतात. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला शेजारच्याचा खांदा लागत नाही, हेही ते तितक्याच ठामपणे सांगतात.

क्रिकेटवर ते बोलू लागले की मी काम बाजूला ठेवते. गावाला लागूनच असलेल्या कर्कहीटन या एका खेड्याने जॉर्ज हर्स्ट आणि विल्फ्रेड ऱ्होड्स हे दोन खेळाडू दिले, आणि ऱ्होड्सचे प्रथम श्रेणीतले ४,२०४ बळी आजवर कुणाला गाठता आलेले नाहीत. म्हातारपणी ऱ्होड्सची दृष्टी गेली, तरी तो मैदानावर येऊन बसायचा आणि बॅटच्या आवाजावरून खेळ ओळखायचा. स्वतःचे कान गेलेल्या आजोबांना ही गोष्ट फार जवळची वाटते.

पण माझ्यासाठी त्यांनी राखून ठेवलेली गोष्ट वेगळी होती. मी मुंबईची आणि नवरा सांगलीचा, हे कळल्यावर कितीतरी महिन्यांनी, एका रविवारी त्यांनी ती सांगितली. ७ जून १९५२, शनिवार, लीड्सचे हेडिंग्ले मैदान. नऊ वर्षांचे आजोबा वडिलांबरोबर उभे होते. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि २१ वर्षांच्या फ्रेड ट्रूमनने, आपल्या पहिल्याच कसोटीत, तिघांना परत पाठवले. एक ॲलेक बेडसरने घेतला. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. चौदा चेंडूंमध्ये फलकावर चार बाद शून्य. ज्याने पहिल्या डावात १३३ धावा केल्या होत्या तो मांजरेकरही शून्यावर गेला होता. भारतात हा आकडा अजून जखमेसारखा आठवतात हे मी त्यांना सांगणार होते, पण आजोबांना त्यापुढचे सांगायचे होते. सगळे मैदान ओरडत असताना भारताचा कर्णधार आत आला. विजय हजारे. तो काही बोलला नाही, कुणाकडे पाहिले नाही, रेघ आखून घेतली आणि उभा राहिला. त्याने ५६ केल्या, दत्तू फडकरने ६४, आणि त्या दोघांनी मिळून डाव १०० च्या पुढे नेला. सामना इंग्लंडने ७ गडी राखून जिंकला. घरी परतताना ट्रॅममध्ये सगळे ट्रूमनबद्दल बोलत होते आणि आजोबांचे वडील मात्र एवढेच म्हणाले, की शून्यावर चार असताना उभे कसे राहायचे ते आज तू पाहिलेस.

हजारे सांगलीचे. त्या रविवारी मी हे नवऱ्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने शेजारी जाऊन आजोबांचा हात हातात घेतला. कितीतरी वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसासाठी वाजलेली एक टाळी त्याला इतक्या दूर, अशा अवचित जागी सापडली होती.

यॉर्कशरच्या क्लबवर आजोबांचे प्रेम आहे, म्हणूनच त्याच्या चुका ते झाकत नाहीत. कित्येक दशके केवळ यॉर्कशरमध्ये जन्मलेल्यांनाच त्या संघातून खेळता येत असे. १९९२ मध्ये तो दंडक मोडला आणि बाहेर देशातून आलेला पहिला खेळाडू म्हणून १९ वर्षांचा सचिन तेंडुलकर तिथे खेळला. आजोबांना ते आवडले, पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. ज्यांचे आई-बाप भारत-पाकिस्तानातून येऊन गिरण्यांच्या रात्रपाळीत उभे राहिले, जी मुले याच परगण्यात जन्मली, ती ब्रॅडफर्डची आणि ड्यूजबरीची मुले कुठे आहेत? त्या समाजातला, यॉर्कशरमध्येच जन्मलेला पहिला मुलगा अजमल शहजाद, आणि तो हडर्सफील्डचा. तो संघात आला २००४ मध्ये. नियम अडवत नव्हता, तरी इतकी वर्षे गेली. मागावर शेजारी उभे राहिलेल्या पाकिस्तानी सोबत्याचे नाव घेऊन ते म्हणतात, ‘त्याचा मुलगा माझ्या मुलापेक्षा चांगला गोलंदाज होता.’ यावर मी काही बोलत नाही.

संगीताची त्यांची व्याख्या तितकीच घट्ट आहे. ब्रास बँडमध्ये साधारण २५ वादक असतात, आणि त्यांतला प्रत्येक जण कुठल्या तरी कामावरून सुटून आलेला असतो. जूनच्या आसपास येणाऱ्या व्हिट फ्रायडेच्या संध्याकाळी सॅडलवर्थच्या खेड्यांमध्ये स्पर्धा होतात. बँड बसमधून उतरतो, रस्त्यातून वाजवत चालत येतो, मग एका जागी उभा राहून एक मार्च वाजवतो आणि बसमध्ये चढून पुढच्या खेड्याला निघतो. परीक्षक एका कॅरॅव्हॅनमध्ये पडदे ओढून बसलेला असतो. कुणाचा बँड आहे, कोणते नाव आहे, गणवेश नवा आहे की झिजलेला, हे त्याला दिसता कामा नये. आजोबांना हा पडदा जगातल्या सर्वांत न्याय्य गोष्टींपैकी एक वाटतो. खेड्यामागून खेडे करत रात्री उशिरापर्यंत वाजवून ओठ सुजलेल्या अवस्थेत घरी यायचे आणि सकाळी माग सुरात लावायला जायचे, असे त्यांनी ३६ वर्षे केले.

आपल्या घराण्याबाहेरच्या संगीताशीही त्यांचे वैर नाही. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांनी १९७० च्या दशकात या गावात रेगेच्या साउंड सिस्टिम उभ्या केल्या, त्या रात्री भिंतीपलीकडून येणारा बेस आजोबा अंथरुणात पडल्या पडल्या छातीने ऐकत असत. १९७७ च्या नाताळाच्या दिवशी सेक्स पिस्टल्स हा देशभर बदनाम झालेला गट याच गावातल्या आयव्हनहोज क्लबमध्ये, संपावर असलेल्या अग्निशामक कामगारांच्या मुलांसाठी वाजवायला आला. आजोबांचे धाकटे भाऊ अग्निशामक दलात होते आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी त्या दुपारी तिथे गेली. ती केक खाऊन आणि केक माखून घरी आली. त्या पोरांचे गाणे आपल्याला कधी कळले नाही, पण ती पोरे आली, हे आजोबा अजून म्हणतात, आणि ‘आली’ या शब्दावर भर देतात.

राजकारणातही ते याच मापाने मोजतात. हॅरॉल्ड विल्सन याच गावात १९१६ मध्ये जन्मले आणि दोनदा पंतप्रधान झाले. रेल्वे स्थानकासमोरच्या चौकात त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच चौकाच्या कोपऱ्यावर ते जॉर्ज हॉटेल आहे जिथे १८९५ मध्ये उत्तरेकडचे रग्बी क्लब मूळ संघटनेतून फुटून बाहेर पडले. कारण साधे होते. शनिवारी खेळायला गेले की कामगाराची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, असे उत्तरेकडच्यांचे म्हणणे होते आणि दक्षिणेकडच्या सभ्य गृहस्थांना ते मान्य नव्हते. त्यातून रग्बी लीग हा नवा खेळ उभा राहिला. चौकातून जाताना आजोबा आधी हॉटेलकडे काठी दाखवत आणि मग पुतळ्याकडे. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही.

१९८४ च्या मार्चमध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला. आजोबा खाणीतले नव्हते, पण त्यांचा मेहुणा होता. ते दर शनिवारी बाजारात डबाबंद पदार्थ गोळा करत उभे राहत, आणि १८ जूनला ऑरग्रीव्हला घोडेस्वार पोलिस माणसांच्या अंगावर गेले त्या दिवशी मेहुणा तिथे होता. पाच वर्षांनी हिल्सबरोच्या मैदानावर बंदोबस्ताला जे पोलिस दल होते, ते हेच दक्षिण यॉर्कशरचे दल, याची आठवण ते करून देतात. पुढच्या मार्चमध्ये खाणकामगार झेंडे आणि बँड घेऊन कामावर परतले. आमच्याकडे तसे झाले नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. माणसे एकेक करून, मान खाली घालून, मागच्या दाराने गेली, आणि माझ्या वडिलांसारखी काही गेलीच नाहीत. ते घरी बसले. त्यापूर्वी मी त्यांना दिवसा बसलेले पाहिले नव्हते. हे मी आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘त्यांना परत चालत नेणारा बँड हवा होता.’ वडिलांबद्दल इतक्या वर्षांत मला कुणी याहून खरे काही सांगितलेले नाही.

२०१६ च्या जूनमध्ये, युरोपीय संघातून बाहेर पडण्याबाबतच्या सार्वमताला एक आठवडा उरला असताना, शेजारच्या मतदारसंघाच्या खासदार जो कॉक्स यांची बर्स्टॉलच्या ग्रंथालयाबाहेर हत्या झाली. लोकांची गाऱ्हाणी ऐकायला त्या तिथे आल्या होत्या. दुसऱ्या संध्याकाळी माणसे फुले घेऊन जमली, त्यांत आजोबा होते आणि मीही होते. मतदानाच्या दिवशी ते नेहमीप्रमाणे चर्चच्या सभागृहात गेले, दोरीला बांधलेल्या बोथट पेन्सिलीने फुली मारली आणि बाहेर येऊन बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याची वाट पाहत थांबले, कारण त्याला गाडीतून घरी सोडायचे होते. दोघांची फुली वेगवेगळ्या चौकटीत होती, हे दोघांनाही माहीत होते.

गेल्या डिसेंबरमध्ये मी त्यांना टाउन हॉलमध्ये हँडेलचे ‘मसीहा’ हे समूहगान ऐकायला नेले. हडर्सफील्ड कोरल सोसायटी १८३६ पासून गाते आहे. समाजवाद्यांच्या सभांना जाणाऱ्याला सदस्य होता येणार नाही, असा नियम तिच्या १८४२ च्या नियमावलीत होता, आणि आजोबांच्या पत्नी, पक्क्या मजूर पक्षाच्या, तीस वर्षे तिथेच अल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या, रांगेत उभ्या राहून गात होत्या. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. ‘हॅलेलूया’ सुरू झाले की रिवाजाप्रमाणे सगळे सभागृह उठून उभे राहते. सगळे उठले. मी आजोबांकडे हात पुढे केला. त्यांनी मान हलवून तो मागे सारला, आणि मग मीही बसूनच राहिले. आमच्यासमोर नुसत्या पाठी होत्या, कोटांची एक भिंत, तिच्यापलीकडून आवाज येत होता. आजोबा थोडे पुढे वाकले. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी राखाडी कोट टाकला होता. त्यांनी त्याची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, कापड हळूच चोळले, दिव्याकडे तिरपे धरले, पुन्हा चोळले. अल्टोंचा आवाज वर चढत होता, आणि ते माझ्या कानाशी येऊन, स्वतःला ऐकू यावे इतक्या मोठ्याने म्हणाले, ‘इथलेच आहे, लव्ह. उभा धागा बघ किती सरळ आहे.’